वायर्ड कंट्रोलर खेळता खेळता सारखा तुटतोय? नवीन घ्यायच्या आधी एकदा हे करून बघा

दोन वर्षांत मी गेम खेळायचे तीन वायर्ड कंट्रोलर (म्हणजे पॅड) घेतले आणि तिन्हींचं रडगाणं एकच, गेम रंगात आला की कॉम्प्युटरमधून ते "टुडुंग" वाजतं, स्क्रीनवर कंट्रोलर डिस्कनेक्टेड अशी पाटी येते आणि दोन सेकंदांनी परत सगळं चालू, जसं काही झालंच नाही. पण फुटबॉलच्या गेममध्ये दोन सेकंद पॅड बंद म्हणजे समोरच्याने गोल केलाच समजा, आणि भाचा ओरडणार, "मामा, परत गेलं!"

आधी आमची परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मी जळगावला, माझ्याकडे पीसी आहे. बहीण धुळ्याला, तिच्या घरी भाच्याचा पीएस४, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा इकडे, दिवाळीनंतर आम्ही तिकडे, आणि पॅड पिशवीत टाकून दोन्हीकडे फिरणार. म्हणून मला पहिल्यापासून असाच पॅड पाहिजे होता जो कन्सोल आणि पीसी दोन्हीला लागेल, आणि वायरचाच पाहिजे होता, कारण सेल बदला, चार्जिंगला लावा, ऐन मॅचमध्ये बॅटरी संपली ही कटकट घरात नको होती. वायर लावली की चालू, एवढी साधी अपेक्षा. पण तीच वायर दोन वर्षं डोकं खात होती.

मी काय चूक करत होतो ते आता कळतं. डिस्कनेक्ट होणं म्हणजे ताप. ताप ऊन लागल्याचाही असतो आणि मलेरियाचाही, औषध वेगळं. मी दर वेळी एकच औषध देत होतो, पॅड बदला. आमच्याकडे शेवटी निघाल्या चार वेगवेगळ्या भानगडी, चारही वाजायच्या सारख्याच, म्हणून वाटायचं एकच आहे.

तर पहिलं काम, वही घ्या. खरंच सांगतो भो, सेटिंग उघडायच्या आधी, ड्रायव्हर टाकायच्या आधी, यूट्यूब बघायच्या आधी वही घ्या आणि दर वेळी पॅड तुटला की किती वाजले आणि त्या क्षणी गेममध्ये काय चाललं होतं एवढंच लिहा. मी भाच्यालाच हे काम दिलं, त्याच्या रफ वहीच्या एका पानावर जळगाव आणि दुसऱ्यावर धुळे. जळगावच्या पानावर असं होतं: ६:५० बॉल पोलला लागला, ७:०४ टॅकल, ७:०५ परत टॅकल, ७:३२ काहीच नाही नुसतं पास देत होतो, ७:४८ टॅकल. आणि धुळ्याच्या पानावर ९:१०, ९:१८, ९:२७, ९:३५, पुढे काही लिहायची गरजच नाही पडली. मी ते पान दोन वेळा वाचलं तेव्हा ट्यूब पेटली. एकाच पॅडची ही दोन पानं, पण जळगावला आकडे कसेही आणि धुळ्याला मोजून आठ-आठ मिनिटं. कुठली तुटकी वायर घड्याळ लावून तुटते सांगा मला.

धुळ्याचं आधी सांगतो कारण ते कळायला सगळ्यात सोपं आहे आणि त्यात लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जातात. पीएस४ ला कुठलाही पॅड जोडला की कन्सोल त्याला ओळख विचारतो. पॅडच्या आत सोनीच्या परवान्याची चिप असेल तर तो बरोबर उत्तर देतो आणि विषय संपला. नसेल तर कन्सोल त्याला लगेच हाकलत नाही, सुमारे आठ मिनिटं चालू देतो आणि मग बंद करतो. वायर काढून परत घातली की नव्याने आठ मिनिटं. म्हणून दुकानात लावून दाखवलं तर मस्त चालतं, कारण दुकानात आठ मिनिटं कोण खेळत बसतं? माझ्या दुसऱ्या पॅडच्या खोक्यावर पीसी, पीएस३, पीएस४ असं तिन्ही मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, आणि मी दोन महिने त्याची वायर बदलू का, सोल्डरिंग करू का असं करत बसलो.

तर तुमच्याकडे पीएस४ असेल तर मोबाईलवर टायमर लावा. तीन वेळा सलग आठच्या आसपास तुटलं तर वायरला, पोर्टला, कशालाच हात लावू नका, तो पॅड पीसीला लावा आणि कन्सोलसाठी परवानावाला दुसरा बघा. यावर घरगुती इलाज नाही.

एक्सबॉक्सचं तर याहून कडक. नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेल्या पॅडना एक्सबॉक्स वन आणि सिरीज कन्सोलवर बंद करायला सुरुवात केली, आधी स्क्रीनवर सूचना, मग दोन आठवड्यांची मुदत, मग ती वस्तू चालतच नाही. म्हणजे "माझ्या मित्राकडे हाच पॅड २०२२ मध्ये चालायचा" या बोलण्याला आता काही अर्थ नाही. आणि पीएस५ वाल्यांनी हे लक्षात ठेवा की पीएस४ चा पॅड पीएस५ ला लागतो पण त्यावर पीएस४ चेच गेम खेळता येतात, पीएस५ चा गेम तो पॅड घेत नाही, ते खराब झालंय म्हणून नाही, तसंच ठेवलेलं आहे.

अजून एक, हे ओरिजनल पॅडवाल्यांसाठी. पीएस४ चा ओरिजनल पॅड वायरने जोडला की आपल्याला वाटतं आता वायरवर चालतोय, पण बऱ्याचदा ती वायर नुसती चार्जिंग करत असते आणि बटणं ब्लूटूथवरूनच जात असतात. सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, त्यात कंट्रोलर्स, त्यात कम्युनिकेशन मेथड, तिथे यूएसबी केबल निवडा. पीएस५ मध्ये तेच ॲक्सेसरीजच्या खाली आहे. आणि केबल डेटाची पाहिजे. पॉवर बँकसोबत जी आखूड, हलकी केबल येते तिच्यात कधी कधी फक्त करंटच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच, मग पॅडचा लाईट लागतो पण कन्सोलला कळतच नाही की काही जोडलंय. तपासायला सोपं, त्याच केबलने मोबाईल पीसीला लावा आणि फोटो दिसतात का बघा.

आता जळगावचं पान. इथे माझा जीव गेला.

पानावर परत परत काय आलं, टॅकल, पोल, टॅकल. या सगळ्यात सामायिक काय? पॅड थरथरतो. पॅडच्या दोन्ही मुठीत एकेक छोटी मोटर असते आणि तिच्या दांड्यावर एका अंगाला जड असं धातूचं वजन बसवलेलं असतं, ते फिरलं की हात हलतो. पण उभी असलेली मोटर एकदम सुरू होते त्या क्षणी ती जास्त करंट ओढते, आपल्या शेतातली मोटर चालू करताना घरातला बल्ब कसा मिणमिणतो अगदी तसंच. यूएसबी २ चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलीॲम्पिअर द्यायला बांधलेलं आहे, तेवढ्यात पॅडचं आरामात भागतं, पण मधली वायर केसासारखी बारीक असेल, त्यात तुम्ही तीन मीटरची एक्स्टेन्शन लावली असेल आणि पोर्ट कॅबिनेटच्या पुढचं असेल, तर पॅडपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, आतली चिप एक क्षण बंद होऊन परत सुरू होते आणि विंडोजला वाटतं कोणीतरी वायर उपटली.

पुढचं पोर्ट का वाईट? ते मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवर, नसतं, कॅबिनेटच्या आतून एक बारीक केबल मदरबोर्डवरच्या पिनांना जोडलेली असते, स्वस्त कॅबिनेटमध्ये ती केबल म्हणजे नावाला. मागची पोर्टं थेट बोर्डला सोल्डर केलेली असतात. मी दोन वर्षं पॅड पुढेच लावला कारण मागे वाकायचा कंटाळा.

याची टेस्ट अगदी फुकट आहे. गेमच्या सेटिंगमध्ये व्हायब्रेशन बंद करा आणि एक संध्याकाळ खेळा. आमच्याकडे संध्याकाळी आठ-नऊ वेळा तुटायचं ते दोनवर आलं. म्हणजे दुखणं पॉवरचं, पॅडचं नाही. मग एक्स्टेन्शन काढून फेकली, वायर मागच्या पोर्टला लावली, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढला म्हणजे वायर पुरेल, व्हायब्रेशन परत चालू केलं, तरी दोनच. एक्स्टेन्शन घ्यावीच लागली तर पॅडची वायर धरून सगळी मिळून ५ मीटरच्या आत ठेवा, यूएसबी २ ची तेवढीच मर्यादा आहे, आणि केबलवर बारीक अक्षरात २८ आणि २४ असे आकडे छापलेत का बघा. त्यातला छोटा आकडा म्हणजे जाड तार, करंटची तार २४ ची असेल तर छान, दोन्ही २८ असतील तर ती चार्जिंगलाच बरी.

राहिले ते दोन. वहीत ७:३२ ला लिहिलं होतं ना, काहीच नाही, नुसतं पास देत होतो. हे दोन मला मे महिनाभर सापडले नाहीत. तेव्हाच मी तिसरा पॅड घेतला, तो चांगल्यातला होता, तरीही तेच, आणि चौथ्यासाठी पैसे बाजूला काढले होते.

त्या सुमारास घरात फिटिंगचं काम निघालं म्हणून वायरमन आले, अमळनेरकडचे, आम्ही त्यांना जिभाऊच म्हणतो. पंख्याचं काम झाल्यावर मी सहज म्हटलं, जिभाऊ, या कॉम्प्युटरला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, पावसाळ्यात तर जास्तच. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेकवला. टेस्टर मंद लागला. कॅबिनेटच्या पत्र्यावर, बटण चालू, सगळं व्यवस्थित चाललंय आणि पत्र्यावर टेस्टर लागतोय. ते म्हणाले, "पह्यले अर्थिंग देख भाऊ, मंग पॅडले दोष दे."

झालं असं होतं. माझ्या टेबलाजवळच्या सॉकेटला तिसरं भोक होतं पण त्याच्या मागे वायरच नव्हती. वरून स्पाइक गार्डला मी तीन पिनचं दोन पिन करणारं कन्व्हर्टर लावलं होतं, म्हणजे असती तरी तुटलीच असती. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (वीज देणाऱ्या डब्यात) गडबड गाळायला छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा निचरा अर्थिंगमधून व्हायचा असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच बोर्डवर आमचा कूलर होता! मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री, कूलरशिवाय बसताच येत नाही, आणि खोली गार झाली की आई उठून कूलर बंद करायची, गरम झालं की चालू. कूलरची मोटर बंद-चालू होताना बटणाजवळ ठिणगी पडते आणि लाईनीत एक झटका उठतो. त्याला जमिनीत उतरायला वाट नसली की तो पत्र्यात, तिथून यूएसबीच्या वायरवरच्या जाळीत फिरतो, आणि पॅडच्या चिपचा तोल जातो. भाचा नुसते पास देत होता तेव्हा बाजूच्या खोलीतून आईने येऊन कूलर बंद केला होता. मी स्वतः दहा वेळा बटण खालीवर करून बघितलं, त्यात चार वेळा "टुडुंग".

जिभाऊंनी सॉकेटपर्यंत अर्थिंगची तार ओढली, कन्व्हर्टर काढायला लावलं, कूलर वेगळ्या बोर्डवर घेतला. आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकायला सांगितलं, कारण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. तेव्हापासून दर रविवारी मार्च ते जून एक बादली पाणी तिथे जातं. हे काम स्वतः करू नका, सॉकेट उघडून तारा जोडणं वायरमनचंच काम आहे, पण कूलरचं बटण खालीवर करून बघायची टेस्ट तुम्ही आत्ता करू शकता, आणि कूलर नसेल तर मिक्सर, पाण्याची मोटर, फ्रिज, जे एकदम चालू-बंद होतं ते. पॅडच्या वायरवर टोकाजवळ जी काळी गाठ असते ना, दंडगोल, ती याच कामाची, अशी गडबड शोषून घेते. घेताना ती असली तर चांगलंच.

पहिल्या पॅडबद्दल राहिलंच. तो सातशेचा होता, वायर त्यातच घट्ट बसवलेली, पाच महिन्यांत गेला आणि त्याचं दुखणं एकदम साधं, मानेत वायर तुटली. मान म्हणजे वायर पॅडच्या पोटात शिरते ती जागा. आपण खेळून झालं की वायर पॅडभोवती आवळून गुंडाळतो आणि ड्रॉवरमध्ये कोंबतो, रोज त्याच जागी वाकते, वरून रबर अख्खं दिसतं आणि आतली तांब्याची तार सुटते. तपासायचं असं: विंडोज आणि आर दाबून रनमध्ये इंग्रजीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाईप करा, एक छोटी विंडो उघडेल, त्यात पॅडचं नाव दिसेल, प्रॉपर्टीजमध्ये गेलात की बटणं आणि काठ्या (अंगठ्याने फिरवायच्या त्या दोन) दिसतात. ती विंडो उघडी ठेवून मानेजवळ वायर दोन बोटांत धरून हळूहळू चारी बाजूंना वाकवा, मग यूएसबीच्या टोकाजवळ तसंच. कुठल्यातरी कोनात नाव गायब झालं तर सापडलं.

असा पॅड फेकू नका. मानेपासून चार बोटं वायर कापायची, आतले स्क्रू काढून लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार तारा जिथे होत्या तिथे परत जोडायच्या. लाल करंट, काळी ग्राउंड, पांढरी-हिरवी डेटा, पण स्वस्त वायरींमध्ये रंग पाळलेले असतीलच असं नाही, म्हणून जुनी सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि मीटर लावून बघा. हाताने जमत नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल रिपेअर करणाऱ्या कोणालाही अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पुढच्या वेळेपासून वायर पॅडभोवती नका गुंडाळू, दाव्यासारखी सैल वेटोळी करून वेगळी ठेवा, पॅड वेगळा.

विंडोजच्या सेटिंगचं पटकन सांगतो कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि आमच्याकडे तरी तिथे काही सापडलं नाही. लॅपटॉपवर मात्र हे खरंच होतं: विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, खाली यूएसबी रूट हब असेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, तिथे कॉम्प्युटरने हे डिव्हाइस बंद करायला परवानगी दिलेली टिक असते ती काढा. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण बंद करा. लक्षण काय, तर पॅड खेळताना तुटत नाही, दहा मिनिटं चहाला गेलात आणि परत आलात की मेलेला असतो.

आणि पॅड जोडलेला दिसतो पण गेममध्ये चालत नाही, किंवा एकदा बटण दाबलं की दोनदा लागतं, हे तुटणं नाही, ही भाषेची भानगड. पीसीवर पॅडच्या दोन भाषा आहेत, जुनी डायरेक्टइनपुट आणि २००५ च्या एक्सबॉक्स ३६० सोबत आलेली एक्सइनपुट. आत्ताचे बहुतेक गेम एक्सइनपुटच समजतात. स्वस्त पॅडमध्ये बऱ्याचदा मधलं होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून ठेवलं की भाषा बदलते, लाईटची जागा बदलते त्यावरून कळतं. दोनदा लागत असेल तर स्टीम (पीसीवर गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) आणि गेम दोघंही पॅड ऐकतायत, त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करून बघा.

काठी आपोआप सरकते, म्हणजे ड्रिफ्ट, त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण वायर कितीही चांगली असली तरी शेवटी पॅड यानेच जातो. साध्या काठीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतात तसेच. कार्बनच्या पट्टीवर एक छोटा पत्रा घासत फिरतो, घासून घासून पट्टी झिजते, त्यात आपल्याकडची धूळ जाते, मार्चपासून तर खिडकी उघडली की टेबलावर थर, आणि मग हात न लावता खेळाडू एका बाजूला चालायला लागतो. त्या जॉय डॉट सीपीएलच्या विंडोत मधला क्रॉस हात सोडल्यावर मध्यभागी येऊन थांबतो का बघा. थोडा सरकलेला असेल तर गेममध्ये डेडझोन (काठीची मधोमधची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती) वाढवा, काही महिने निघतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब काठीच्या बुडात टाकून ती गोल फिरवली तरी फरक पडतो, पण तोही तात्पुरता. कायमचा उपाय म्हणजे हॉल इफेक्टच्या काठीचा पॅड घेणं, त्यात लोहचुंबक आणि सेन्सर असतो, दोघं एकमेकांना घासतच नाहीत. हे काही नवीन नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये १९९८ लाच हे होतं, मधल्या काळात सगळे स्वस्त पोटेन्शिओमीटरकडे गेले, आणि आजही पीएस५ च्या आणि एक्सबॉक्सच्या नेहमीच्या ओरिजनल पॅडमध्ये तेच आहेत.

आता हे सगळं करूनही पॅड घ्यायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे. आधी कन्सोल बघा, पीसी नंतर. पीसी कोणालाही घरात घेतो, कन्सोल घेत नाही. उलटं केलं की माझ्यासारखं होतं, पीसीसाठी छान पॅड घेतला आणि धुळ्याला गेल्यावर आठ मिनिटांचा पाहुणा.

एक्सबॉक्स आणि पीसी असेल तर तुमचं सगळ्यात सोपं, एक्सबॉक्सचा परवाना असलेला वायर्ड पॅड घ्या, खोक्यावर डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स असा शिक्का असतो, तो पीसीला लावला की विंडोज स्वतःच ओळखतं, काही टाकावं लागत नाही. गेमसर जी७ एसई या प्रकारातला आहे, वायर काढता येते आणि काठ्या हॉल इफेक्टच्या, पण तो प्लेस्टेशनला चालत नाही हे लक्षात ठेवा. पीएस४ असेल तर सोनीचा परवाना असलेला किंवा पीएस४ चा ओरिजनल पॅड ड्युअलशॉक ४ घ्या आणि पीसीवर स्टीममधून चालवा, फक्त स्क्रीनवर बऱ्याच गेममध्ये एक्स, वाय, ए, बी अशी एक्सबॉक्सची बटणं दिसतात, चौकोन-त्रिकोण नाही, दोन दिवसांत सवय होते. अगदीच स्वस्तात ओरिजनल म्हणून कोणी देत असेल तर नका घेऊ, हुबेहूब नकली खूप फिरतायत. पीएस५ असेल तर त्याचा ओरिजनल पॅड ड्युअलसेन्सच, त्याचे ते घट्ट होणारे ट्रिगर पीसीवर बहुतेक गेममध्ये वायर लावल्यावरच नीट चालतात, म्हणजे वायरवाल्यांचा फायदाच.

आणि वायर निघणारी पाहिजे. यावर मी अडून बसेन. वायर हीच सगळ्यात आधी जाणारी वस्तू आहे, ती पॅडच्या पोटात शिवलेली असेल तर वायरसोबत पॅड जातो, निघणारी असेल तर दोनशे-तीनशेची केबल आणली की झालं. टाईप सी असेल तर उत्तम, ड्युअलशॉक ४ ला मायक्रो यूएसबी आहे, ती खाच नाजूक असते, अंधारात उलटी घुसवू नका. बाकी ते रंगीत लाईट, मागची जास्तीची चार बटणं, हजार हर्ट्झ (सेकंदाला हजार वेळा बटण कळवणं), त्याला माझ्या लेखी शेवटचा नंबर. साधा १२५ हर्ट्झचा पॅडसुद्धा दर ८ मिलीसेकंदांनी बटण कळवतो, आपल्याला टॅकल करायला तेवढं पुरतं.

घेतल्यावर पहिल्या दिवशीच, परत करायची मुदत असतानाच, कन्सोलवर सलग अर्धा तास खेळा, व्हायब्रेशन पूर्ण वर ठेवून खेळा, काठ्या सोडून त्या विंडोत क्रॉस बघा. खोका आणि बिल तोपर्यंत टाकू नका.

आम्ही शेवटी ड्युअलशॉक ४ घेतला आणि त्याला जाड, तीन मीटरची डेटा केबल. जळगावला मागच्या पोर्टवर महिनाभर चालवला, कूलर चालू, कूलर बंद, वहीचं पान कोरं. मग दिवाळीनंतर धुळ्याला. पहिल्या रात्री भाच्याने आईचा मोबाईल घेऊन टायमर लावला आणि टीव्हीच्या शेजारी उभा करून ठेवला, पीएस४ ला वायर लावली, मॅच सुरू झाली. सात मिनिटं झाल्यावर दोघंही गेमकडे कमी आणि मोबाईलकडे जास्त बघत होतो. आठ झाली. नऊ झाली. ताईने जेवायला हाक मारली, शेवभाजी गार होतेय म्हणून दोनदा हाक मारली, आम्ही जागचे हललो नाही, एकवीस मिनिटांवर मॅच संपली आणि पॅड हातात तसाच चालू होता.